जपानमध्ये घरचा कचरा: पिशवी परत न येण्यासाठी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भारतातून नवी कुटुंबं जपानला येतात, आणि महिन्याभरात सगळ्यांकडून एकच प्रश्न येतो: "सगळ्यांच्या पिशव्या नेल्या, आमचीच ठेवली. वर एक चिठ्ठी चिकटवलीय. काय चुकलं?" तोक्योतल्या निशी-कासाई भागात राहून इतक्या जणांना हे फोनवर समजावलंय, की आता एकदा नीट, क्रमाने लिहून ठेवते.

बहुतेकांचं चुकतं ते टाकायच्या सकाळी नव्हे, आदल्या चार दिवसांत. कचरा वेगळा करायचा तो वस्तू हातातून सुटते त्या क्षणी. एकदा सगळं एका पिशवीत गेलं की ते पुन्हा वेगळं करणं कुणालाच होत नाही.

इथले तपशील मुख्यतः तोक्योच्या २३ वॉर्डांचे आहेत. बाकी शहरांत क्रम हाच, नियम वेगळे.

१. आधी तुमच्या पत्त्याचे नियम हातात घ्या

घर मिळाल्यावर १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो. त्याच खेपेला कचऱ्याची पुस्तिका मागून घ्या. "गोमी नो पान्फुरेत्तो" एवढं म्हटलं तरी कळतं. बऱ्याच वॉर्डांत ती इंग्रजीतही मिळते. पुस्तिकेतून दोन गोष्टी शोधायच्या: कोणती वस्तू कोणत्या गटात जाते, आणि तुमच्या चोमेला (पत्त्यातला मोहल्ल्याचा आकडी विभाग) कोणता गट कोणत्या वारी उचलतात. वार चोमेप्रमाणे बदलतात. रस्त्यापलीकडच्या मैत्रिणीचा वार तुमचा असेलच असं नाही.

मोठे गट साधारण असे: मोएरु गोमी (जळणारा), मोएनाइ गोमी (न जळणारा, यालाच फुनेन म्हणतात), शिगेन (पुन्हा वापरात जाणारा: बाटल्या, डबे, कागद), पुरा (प्लास्टिक वेष्टनं) आणि सोदाइ गोमी (मोठ्या वस्तू).

> थांबा: दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्यांचा सल्ला इथे लावू नका. तोक्योच्या वॉर्डांत साधारण ३० सेंटिमीटरच्या वरची वस्तू सोदाइ गोमी. योकोहामात धातूची असेल तर ३० सेंटिमीटर, बाकीची असेल तर ५०. क्योतोत जळणारा कचरा शहराच्या विकतच्या पिवळ्या पिशवीतच टाकावा लागतो. फुकुओकात गाडी रात्री येते, तिथे सूर्यास्तानंतर मध्यरात्रीच्या आत पिशवी ठेवायची. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु गावात तर चाळीसहून जास्त प्रकारांत वर्गवारी करतात.

वार वाचणं मराठी माणसाला सोपं आहे, कारण जपानी वार आपल्याच ग्रहांवरून आहेत. चंद्राचं चित्राक्षर म्हणजे सोमवार. अग्नीचं अक्षर मंगळवार, कारण मंगळ हा त्यांचा 'अग्नीचा तारा'. पाणी म्हणजे बुध, लाकूड म्हणजे गुरू, सोनं म्हणजे शुक्र, माती म्हणजे शनी, सूर्य म्हणजे रविवार. ही सात अक्षरं कागदावर काढून फ्रिजवर लावा. कचऱ्याच्या जागेची पाटी वाचायला तेवढी पुरतात.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. मोएनाइ गोमी बहुधा महिन्यातून दोनदा नेतात, आणि वेळापत्रकात 'पहिला व तिसरा मंगळवार' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ 'एक आठवडा सोडून' असा नाही, 'पहिला व तिसरा आठवडा' असाही नाही. त्या महिन्यातले मंगळवार मोजायचे. २०२५ च्या डिसेंबरात पाच मंगळवार होते: २, ९, १६, २३ आणि ३०. गाडी २ आणि १६ तारखेला. पुढचा पहिला मंगळवार ६ जानेवारी, म्हणजे मध्ये तीन आठवडे. आठवडाआड मोजणारे ३० तारखेला पिशवी ठेवतात आणि ती तिथेच राहते.

> तपासा: पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये आदल्या रात्रीच्या आठवणीसह टाका. तुमची नगरपालिका 'सान-आरू' हे कचऱ्याचं ॲप वापरत असेल तर ते काम तेच करतं. वर्षअखेरीला ३१ डिसेंबर ते ३ जानेवारीच्या आसपास गाड्या बंद असतात, ती पत्रकं आधीच वाचा.

२. घरात डबे आधी, सामान नंतर

भांडी लावण्याआधी कचऱ्याची जागा ठरवा. एक मोठा डबा मोएरुसाठी. पुरासाठी एक पिशवी हुकला टांगलेली. बाटल्या आणि डब्यांसाठी बाल्कनीत एखादा क्रेट. कागदासाठी दाराजवळ एक कागदी पिशवी. बॅटऱ्या, बल्ब, तुटलेल्या वस्तूंसाठी कपाटात वरच्या फळीवर एक खोका, मुलांच्या हाताला न लागेल असा.

पिशव्या पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक घ्या. आत काय आहे हे नेणाऱ्याला दिसायला हवं, म्हणून काळ्या पिशव्या चालत नाहीत.

३. सिंकपाशी: ओल्या कचऱ्यातलं पाणी काढा

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं बहुतेक वजन पाण्याचं असतं. तेच पाणी पिशवीतून गळतं, त्याचाच वास येतो आणि कावळे येतात. आपल्याकडे चहाचा चोथा, भाज्यांची सालं, डाळीचं उरलेलं सारण हे रोजचं, त्यामुळे हा टप्पा आपल्याला जास्त लागू.

सिंकच्या भोकात बसणाऱ्या जाळीच्या पिशव्या शंभर येनच्या दुकानात मिळतात. एक लावा. चहाचा चोथा गाळणीत रात्रभर निथळू द्या, गरम असताना पिशवीत टाकू नका. भाजीची सालं धुण्याआधीच काढून कोरडीच टाका. उन्हाळ्यात मटणाची हाडं, कोळंबीची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि टाकायच्या सकाळीच पिशवीत घाला. घाण वाटेल, पण ऑगस्टमध्ये तीन दिवस ती डब्यात ठेवून बघितलं की पटतं.

आंब्याच्या कोयी, फोडलेली करवंटी, कढीपत्त्याच्या काड्या, देवाची फुलं हे सगळं मोएरु. निर्माल्य अराकावा नदीत सोडायला जाऊ नका. जपानी कायद्याच्या नजरेत तो बेकायदा टाकलेला कचरा ठरतो.

> थांबा: माती कचऱ्यात जात नाही. तोक्योचे वॉर्ड माती उचलत नाहीत. गणपती बादलीत विसर्जित केलात तर शाडूचा गाळ वाळवून कुंडीत वापरा. बाल्कनीतली तुळस सोडून जाताना कुंडीतल्या मातीची सोयही आधीच बघावी लागते.

४. तळणीचं तेल: दिवाळीच्या आधी वाचा

हा टप्पा मी मुद्दाम मोठा लिहितेय, कारण इथलं चुकणं महागात पडतं. तेल सिंकमध्ये ओतलं की ते पाइपात थिजतं. इमारतीचा पाइप एकच, तुंबलं तर खालच्या मजल्यावरच्यांच्या घरात. पहिल्या वर्षी चकल्या झाल्यावर मी कढई घेऊन सिंकपाशी उभी होते, तेवढ्यात नवरा म्हणाला, "थांब, शेजारच्या आजींना विचारून येतो." आजी स्वतः एक छोटं पाकीट घेऊन आल्या, आणि तेव्हापासून आमच्या दिवाळीच्या यादीत भाजणीच्या खाली ते पाकीट असतं.

ती तेल घट्ट करणारी पावडर. एरंडेलापासून बनते, सुपरमार्केटमध्ये तेलाच्या किंवा भांड्यांच्या साबणाच्या फळीवर मिळते. कृती अशी:

१) शेवटचा घाणा काढला की गॅस बंद करा. झाऱ्याने तळाशी राहिलेला चुरा काढून घ्या.
२) तेल गरम असतानाच पावडर घाला. किती तेलाला किती, ते पाकिटावर चित्रासह असतं. तेल मोजूनच ओतलेलं असलं की अंदाज चुकत नाही.
३) पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हळू ढवळा. कण दिसत असतील तर ती विरघळलेली नाही.
४) आता हात लावू नका. तासाभरात वर साय धरल्यासारखं दिसतं, पण खाली तेल पातळ असू शकतं. कढई पूर्ण गार होऊ द्या.
५) उलथन्याने कडेने सोडवा. तेल पिवळ्या वडीसारखं अख्खं निघतं. ते पिशवीत घालून मोएरुमध्ये.

सर्रास होणारी चूक म्हणजे तेल गार झाल्यावर सकाळी पावडर घालणं. ती विरघळतच नाही, तळाशी बसते. मग तेल पुन्हा तापवावं लागतं. तापवत असाल तर गॅसपासून हलू नका, फोन आला तरी.

पावडर नसेल तर दुसरी रीत: दुधाचा रिकामा कागदी खोका घ्या, त्यात फाडलेली वर्तमानपत्रं किंवा जुनं फडकं कोंबा, गार झालेलं तेल ओता, वर थोडं पाणी शिंपडा आणि तोंड टेपने बंद करा. पाणी विसरू नका. तेलात भिजलेला कागद किंवा कापड उन्हाळ्यात आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून हे पाणी. हा खोका मोएरुमध्ये जातो, दुधाच्या खोक्यांच्या गठ्ठ्यात नाही.

रोजच्या फोडणीची कढई धुण्याआधी टिश्यूने पुसा. काही वॉर्डांत वापरलेलं तेल बाटलीत भरून नेऊन द्यायची ठिकाणंही असतात, पुस्तिकेत बघा.

> तपासा: घट्ट झालेली वडी पिशवीत टाकण्याआधी तिरकी करून बघा. खालून थेंब आला तर अजून तासभर ठेवा.

५. बाटल्या, डबे, प्लास्टिक: खूण बघा, आकार नाही

प्रत्येक वेष्टनावर छोटी खूण असते. बाणांच्या त्रिकोणात १ हा आकडा असेल तर ती पेट बाटली. बाणांच्या चौकोनी खुणेत काताकाना या जपानी लिपीत 'पुरा' लिहिलेलं असेल तर प्लास्टिक वेष्टन. हातातली वस्तू दिसते कशी यावर ठरवू नका. खाण्याच्या तेलाची बाटली पेटसारखीच दिसते, पण तिच्यावर बहुधा पुरा असतं, आणि आपल्या घरातल्या पिशव्या याच बाटलीमुळे परत येतात.

पेट बाटलीचा क्रम: झाकण काढा, लेबल फाडा (त्यावर टोचलेली रेघ असते, तिथून ओढायचं), पाण्याने विसळा, चपटी करा. झाकण आणि लेबल पुरात. गळ्याशी राहिलेली कडी तशीच राहू द्या.

पुरामध्ये टाकायचं ते स्वच्छ असायला हवं. चमकायची गरज नाही, पण दह्याचा डबा, मसाल्याचं पाकीट विसळलेलं हवं. लोणच्याच्या तेलाने माखलेली प्लास्टिकची पिशवी धुवून निघत नसेल तर आग्रह धरू नका. २३ वॉर्डांत असं प्लास्टिक मोएरुमध्ये चालतं. तुपाच्या आणि लोणच्याच्या काचेच्या बरण्या आधी कागदाने पुसा, मग गरम पाण्याने धुवा. तरीही तेलकट राहिल्या तर बऱ्याच ठिकाणी त्या शिगेन नव्हे, मोएनाइ होतात.

६. कागद

वर्तमानपत्रं, मासिकं, पुठ्ठे यांचे वेगळे गठ्ठे सुतळीने आडवे-उभे बांधायचे. दुधाचे खोके विसळून, कापून उघडे करून, वाळवून. दुकानाच्या पावत्या आणि तेलकट पिझ्झाचा खोका कागदात घालू नका, ते मोएरु. पाऊस असेल तर कागदाच्या दिवशी थांबलेलं बरं. भिजलेला पुठ्ठा कुणालाच नको असतो.

७. आग लावणाऱ्या वस्तू

पॉवरबँक, जुना फोन, बिनतारी हेडफोन, खेळण्यातली बॅटरी: यांतल्या लिथियम बॅटऱ्या गाडीत दाबल्या गेल्या की पेटतात, आणि मग गाडी जळते ती पिशवी कुणाची होती हे न विचारता. यांना कुठल्याच रोजच्या पिशवीत घालू नका. टोकांना सेलोटेप लावा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानातल्या रिसायकल पेटीत किंवा वॉर्डाने सांगितलेल्या जागी द्या. फुगलेली बॅटरी मात्र पेटीत टाकू नका, आधी वॉर्डाला फोन करा.

स्प्रेचा डबा आणि टेबलावरच्या शेगडीचा गॅसचा डबा पूर्ण संपवा. भोक पाडायचं की नाही हे पुस्तिकेत बघितल्याशिवाय पाडू नका. घरात, गॅसजवळ तर कधीच नाही. फुटलेली काच किंवा सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठळक 'किकेन' (धोका) असं काताकानात लिहा. दोन अक्षरं चुकली तरी चालेल, पण पिशवी उचलणाऱ्याचा हात कापू नये.

८. टाकायची सकाळ

बहुतेक वॉर्डांत सकाळी ८ च्या आत. आदल्या रात्री ठेवू नका. मांजरं, कावळे पिशवी फाडतात, आणि साफ करते त्या आठवड्याची 'तोबान', म्हणजे जिची पाळी असते ती शेजारीण. मोठ्या मान्शनमध्ये (फ्लॅटच्या इमारतीत) कचऱ्याची खोली चोवीस तास उघडी असते, तिथे मुभा असेल तर गोष्ट वेगळी.

पिशवीतली हवा दाबून काढा, गाठ मारा. जागेवर गेल्यावर कावळ्यांसाठी पिशव्यांवर टाकलेली जाळी उचला, पिशवी आत सरकवा आणि जाळीची कड पुन्हा खाली दाबा. जाळीवर ठेवलेली पिशवी उघड्यावर ठेवल्यासारखीच. पाळी तुमची आली तर गाडी गेल्यावर झाडून, जाळी दुमडून, पाळीची पाटी पुढच्या दाराशी अडकवायची. कुणी भेटलं तर "ओहायो गोझाइमास" (सुप्रभात) म्हणा. आमची अर्धी ओळख त्या जाळीपाशीच झाली.

९. चिठ्ठी लागली तर

पिशवी तिथे सोडू नका, घरी आणा. चिठ्ठीवर कारणापुढे खूण केलेली असते: वार चुकला, गट चुकला, किंवा पिशवी चुकली. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घ्या. वार चुकला असेल तर पुढच्या वारी तीच पिशवी. गट चुकला असेल तर उघडून ती वस्तू काढा. इमारतीचे कान्रिनिन-सान (देखरेख करणारे) बोलायला आले तर वाद न घालता "सुमिमासेन" (माफ करा) म्हणून कुठली वस्तू ते विचारा. बहुतेक वेळा ते स्वतः दाखवतात.

१०. मोठ्या वस्तू, आणि जपान सोडताना उलटी मोजणी

सोदाइ गोमी रोजच्या जागी नुसता ठेवायचा नसतो. क्रम असा: वॉर्डाच्या केंद्राला फोन किंवा वेबसाइटवरून नोंदणी, वस्तूची लांबी-रुंदी सांगणं, मग तुम्हाला तारीख, नंबर आणि शुल्क मिळतं. त्यानंतर कॉन्बिनीतून (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून) तेवढ्याच रकमेची तिकिटं घ्यायची. २३ वॉर्डांत 'ए' तिकीट २०० येनचं, 'बी' ३०० येनचं. शुल्क ८०० असेल तर दोन बी आणि एक ए. तिकिटावर नाव किंवा नंबर लिहून वस्तूवर चिकटवा आणि ठरल्या सकाळी ठरल्या जागी स्वतः खाली आणून ठेवा.

> थांबा: तिकीट तुमच्याच वॉर्डाचं आहे ना बघा. ऑफिसजवळच्या, दुसऱ्या वॉर्डातल्या कॉन्बिनीतून घेतलेलं तिकीट चालत नाही.

एसी, टीव्ही, फ्रीज आणि वॉशिंग मशीन सोदाइ गोमीत घेत नाहीत. २००१ पासून त्यांचा वेगळा कायदा आहे. ज्या दुकानातून घेतलं किंवा नवं घेणार आहात त्याला ते परत घ्यावं लागतं, रिसायकल शुल्क आणि नेण्याचा खर्च आपला. घरच्या कॉम्प्युटरसाठी बनवणाऱ्या कंपनीकडे नोंदवायचं. मिक्सर, इस्त्री यांच्यासाठी छोट्या उपकरणांची पेटी असते, तिच्या तोंडातून जातील एवढ्याच.

गल्लीतून स्पीकर लावून "जुनं सामान फुकट नेतो" म्हणत फिरणाऱ्या ट्रकला काही देऊ नका. घरचा कचरा नेण्याचा परवाना त्यांतल्या बहुतेकांकडे नसतो. सामान चढवल्यावर पैसे मागितले जातात, आणि तुमची गादी कुठल्यातरी डोंगरात सापडते. बेकायदा कचरा टाकण्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी येनपर्यंत दंड आहे.

परत जाणाऱ्यांनी विमानाच्या तारखेपासून मागे मोजा:

आठ आठवडे आधी: द्यायच्या वस्तूंचे फोटो ओळखीच्यांत फिरवा. पलंग, डायनिंग टेबल नव्या कुटुंबांना हवंच असतं.

सहा आठवडे आधी: उरलेल्याची सोदाइ गोमी नोंदणी. मार्चअखेरीला सगळा जपान घर बदलतो, तारखा लांब मिळतात. फ्रीज आणि मशीनसाठी दुकानाला याच आठवड्यात फोन.

दोन आठवडे आधी: मोएनाइचा शेवटचा वार कधी येतो ते बघा आणि तवे, कढया, फुटके बल्ब त्याच दिवशी काढा. प्रेशर कुकर ३० सेंटिमीटरच्या आत असेल तर इथेच, हँडल धरून मोजा. कुंडीतली माती घेणाऱ्या बागकाम दुकानाला विचारा.

शेवटचा आठवडा: मसाले, डाळी वाटून टाका. फ्रिज दोन दिवस आधी रिकामा करून बंद करा, पाणी गळू द्या.

निघायच्या दिवशी मोएरुचा वार नसेल तर शेवटची पिशवी जाळीखाली सरकवून निघू नका. शेजारी किंवा मित्राला आधी विचारून ठेवा, आणि बांधलेली पिशवी त्यांच्या हातात द्या, पुढच्या वारी ते ठेवतील. आमच्यासाठी आजींनी असं दोनदा केलं, आणि मीही आता खालच्या मजल्यावरच्या मुलांसाठी करते.